पेटीतलं वारूळ

"आज पंचमी हाय. आज जमीन उकरत न्हाईत."

"जमीन कुठली, आत्या? माशांची पेटी आहे ती."

"पेटीत माती हाय का न्हाय?"

"आहे."

"मातीत कुनाचं घर हाय का न्हाय?"

"आहे, पण..."

"मग झाली जमीन. आज उकरायचं न्हाय, चिरायचं न्हाय, तवा ठिवायचा न्हाय, जिवाला मारायचं न्हाय. तुझ्याच आईनं काल फोनवर सांगितलं. मी काय कान लावून बसले न्हवते, तू स्पीकरवर बोलत हुतीस."

"मारा असं कोण म्हणतंय? पेटी उचला आणि मागच्या प्लॉटवर ठेवून या."

"मागच्या प्लॉटवर जेसीबी फिरलाय."

"मग कालव्यावर."

"कालव्याला पाणी सुटलंय."

"आत्या, तुम्हाला ना, सगळ्या रस्त्यावर डायव्हर्शन सापडतं."

द्वारकाबाईंना हे बोलणं आवडलं. सुनेचं बोलणं आवडलं की त्या पदर तोंडाला लावायच्या, म्हणजे हसू दिसत नसे आणि भांडण चालू राही. अनिता ओल्या केसांना पंचा गुंडाळून हॉलच्या मधोमध उभी होती. तिच्या मागं भिंतीला लागून स्टूल, स्टुलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, स्टुलावर काचेची पेटी, पेटीवर बारीक जाळी, आणि जाळीच्या आत तांबड्या मुंग्यांचं एक अख्खं गाव सकाळच्या कामाला लागलेलं.

"श्रावण चाललाय," अनितानं दुसरा मुद्दा काढला. "ह्या घरात अंडं शिजत नाही. ज्ञानेशना मिळत नाही, मला मिळत नाही. आणि तुमच्या मुंग्यांना सोमवारी सकाळी उकडलेला बलक."

"त्या कुठं सोवळ्यात हायत?"

"मला चावल्या त्या. पायावर फोड आला होता, बोराएवढा. ऑफिसात चप्पल काढून बसले मी."

"तू वाटीतलं पानी सांडलंस, मग त्या आल्या. फाटक उघडं ठिवलं की जनावर बाहेर येतंच."

"हो का? मग ऐका." अनितानं पंचा सोडला, झटकला. "आज आई येतेय. संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन येईल. माझी लग्नानंतरची पहिली पंचमी. कोऱ्हाळ्याला जाते, चार दिवस राहते. परत यायच्या आधी फोन करेन. ह्या पेटीत मासे असले तर येईन. मुंग्या असल्या तर नाही येणार. आणि आईला कळता कामा नये, की माझी सासू मुंग्या पाळते."

"मासे मरतेत गं," द्वारकाबाई म्हणाल्या, पण तोवर बाथरूमचं दार लागलं होतं.

*

द्वारकाबाई एसटीत कंडक्टर होत्या. बाई कंडक्टर दिसली की लोक खाली उतरून ड्रायव्हरला विचारायचे, "कंडक्टर कुठं गेला?", त्या दिवसांपासून. बारामती-इंदापूर हा त्यांचा हक्काचा रस्ता. दारात लोंबकळणाऱ्या पोरांना त्या नावानिशी आत घ्यायच्या आणि आडनावानिशी उतरवायच्या. म्हातारीची करडं सीटखाली बसवायची, दोन बायकांचं खिडकीवरून लागलेलं भांडण तिसरीला खिडकी देऊन मिटवायचं, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय का," हे दिवसभर. घसा असा तयार झाला होता की घरी नुसतं "ज्ञानेश, जेवायला ये" म्हणाल्या तरी खालच्या मजल्यावरची माणसं ताटावर बसत.

निवृत्तीच्या आठवड्यात इंदापूरच्या स्टँडवर परतीचा पाऊस धोधो कोसळून गेला आणि फलाटासमोर तळं झालं. द्वारकाबाई पायरीवर उभ्या राहून साडीचा काठ पिळत होत्या. तळ्यात काहीतरी तांबडं, लिंबाएवढं तरंगत आलं. कुणी फेकलेला गुलाल वाटला. वाकून बघतात तर मुंग्यांचा गोळा. एकमेकींचे पाय धरून हजारो मुंग्यांनी स्वतःचीच होडी केली होती. खालच्या बुडायला लागल्या की वर यायच्या, वरच्या निमूट खाली जायच्या. ढकलाढकली नाही, "मी आधी चढले" नाही.

"रावजी," त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "हिकडं बघा. इतकी वर्सं मी ह्येच सांगत हुते लोकांना."

त्यांनी जेवणाचा डबा रिकामा केला आणि गोळा अलगद आत घेतला. बोटाला दोनतीन डसल्या, त्याही इंगळ लावल्यासारख्या. द्वारकाबाईंनी बोट तोंडात घातलं आणि झाकण लावलं.

रावजी म्हणाले, "बाई, रिटायर होताना लोक भिंतीवरचं घड्याळ नेतात."

"घड्याळ हाय घरी."

सगळ्या नोकरीत त्यांनी विनातिकीट वाहतूक केली ती एवढीच.

ज्ञानेशनं हौसेनं आणलेले मासे कधीच देवाघरी गेले होते. पेटी गच्चीच्या वाटेवर धूळ खात होती. तिच्यात माती भरली, डबा उपडा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर आत रस्ते पडलेले. द्वारकाबाई मांडी घालून समोर बसल्या त्या चहा गार होईपर्यंत.

मग वेळापत्रकच बसलं. सकाळी साखरेचं पाणी, कापसाच्या बोळ्यावर. दुपारी मेलेलं झुरळ, असलं तर. काचेला लागून खाली एका कोपऱ्यात राणी दिसायची, बाकीच्यांपेक्षा जाड, सुस्त, चारी बाजूंनी सेवा करून घेणारी. तिचं नाव डेपो मॅनेजर. "केबिनच्या बाहेर कधी यायची न्हाय, पन तिच्याबिगर येक गाडी हालायची न्हाय." तांदळाचा दाणा घेऊन सरळ बिळात जाणारी रांग म्हणजे विनाथांबा. मधेच उलट फिरून दुसरीच्या मिशांना मिशा लावणारी दिसली की, "ही बघा, सुट्टे मागतीय."

यजमानांना, म्हणजे आप्पांना, हे सगळं एक दिवस बघून पुरलं. ते गावाकडच्या भेंडीच्या वावरात राहायला गेले. तसे ते आधीही जात, पण रात्री परत यायचे. ज्ञानेश लोणी देवकरच्या कारखान्यात पाळ्या करायचा. आई आणि बायको यांच्यात वाद लागला की त्याची नेमकी पाळी असे, आणि नसली तर झोप असे.

राहिली अनिता. आणि अनिताचा पेच असा होता की ही मुलगी द्वारकाबाईंना पसंत होती. नुसती सून म्हणून नाही, तर जोडीदारीण म्हणून. तोंडाला तोंड देणारी. एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसातून थकून यायची, पण उंबऱ्यातच एखादा टोला हाणायची आणि मग दोघी स्वयंपाकघरात तासभर खेळत राहायच्या. ती गेली तर घरात राहणार कोण? झोपलेला ज्ञानेश. मुंग्या गेल्या तर राहणार काय? भिंतीवरचं घड्याळ.

*

विहीणबाई जेवणाच्या आधीच आल्या. सरुबाई म्हणजे कोऱ्हाळे बुद्रुकच्या ऊसवाल्या घरातलं दणदणीत माणूस. एका हातात लाह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची कॅन, गळ्यात, म्हणजे गळ्यात नाही, खांद्यावर, झेंडूची हातभर नाही, चांगली दोन माणसं गुंडाळून उरेल एवढी माळ.

"इहीनबाई, हितलं वारूळ कुठाय? पूजा उरकू, मंग निवांत बोलू."

"वारूळ व्हतं, मागच्या प्लॉटवर. जेसीबीनं सपाट केलं."

"सपाट?" सरुबाई मटकन कोचावर बसल्या. "मंग तुमच्यातल्या बाया करत्यात काय पंचमीला?"

करत्यात काय ते जिन्यावरच दिसत होतं. सोसायटीच्या सात-आठ बायका पूजेची ताटं घेऊन मागं जाऊन आल्या होत्या आणि वारुळाच्या जागी कंपाउंडचा खड्डा बघून तशाच परतल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या मालतीकाकू, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना समजावत होत्या, "पाटावर नाग काढू. शास्त्रात चालतं."

"पाटावर काढलेला नाग म्हंजी फोटोला ववाळल्यासारकं," सरुबाई आतूनच म्हणाल्या. "या, बायांनो, आत या. जिन्यात कशाला उभ्या."

बायका आत आल्या. हॉल भरला. आणि तेव्हा सरुबाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

पेटी दिसत नव्हती. अनितानं सकाळीच तिच्यावर हिरवा खण घातला होता, स्वतःच्या ओटीतला, चारी बाजूंनी नीट सोडून. तिची समजूत अशी की झाकलं की संपलं.

"अने, त्ये काय गं झाकून ठिवलंय?"

अनिता गडबडली. सासू मुंग्या पाळते हे सांगायचं नव्हतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. हिरव्या खणाखाली घरात जे असतं तेच तिच्या तोंडात आलं.

"आत्यांचं... देवाचं आहे ते."

द्वारकाबाई स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर पुरणाची दिंडं वाफत होती, चाळणीतून वाफ येत होती आणि त्या मनात हिशोब करत होत्या की मासे आणि मुंग्या एका पेटीत, मधे काच घालून, राहू शकतील का. बाहेरचं "देवाचं" त्यांना ऐकू आलं आणि बरंच वाटलं. पोरगी हुशार आहे, झाकून नेलं. मग हॉलमध्ये पूजेची घंटी वाजली.

घंटी ऐकली की द्वारकाबाईंचा पाय आपोआप पुढं पडायचा, ही नोकरीची सवय. त्या बाहेर आल्या आणि दारातच थिजल्या.

सरुबाईंनी खण उचलला होता. आत मातीचा उंचवटा, उंचवट्याला भोकं, भोकांतून तांबडा जीव वर-खाली. सरुबाईंनी दोन्ही हात कानशिलांना लावून बोटं मोडली.

"वारूळ," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीच्या घरात वारूळ. काचंचं देवघर केलंय इहीनबाईंनी त्याला. आन मला कुनी बोललं न्हाय."

"इहीनबाई, थांबा. त्ये..."

"तुमी दिंडं बघा. हितलं मी बघते."

जाळी निघाली. माळ पेटीला तीन वेढे घालून दोन्ही टोकं दोन बाजूंनी जमिनीवर सोडली गेली. चार वाट्यांच्या पाण्यावरून झेंडूचे दोन झकास पूल झाले. द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि त्या पुढं झाल्या.

"माळ वर घ्या. माळ खाली टेकवू नका."

"व्हय व्हय," म्हणत सरुबाईंनी दुधाची धार सोडली.

"दूध नको, इहीनबाई, बुडतील त्या. अने, सांग आईला."

अनिता सांगायला पुढं झाली. पण सांगायचं म्हणजे सकाळपासूनचं सगळं सांगायचं. ती तशीच दोन पावलं मागं सरली.

"पूजेला नको म्हनू न्हाई, इहीनबाई. पंचमी हाय," सरुबाई म्हणाल्या आणि मूठभर हळद, कोऱ्हाळ्याची, घरी कांडलेली, वारुळाच्या डोक्यावर सोडली. मागून मालतीकाकूंनी. मागून सगळ्यांनी.

आता, हळद म्हणजे काय हे मुंगीला विचारावं. साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ मारली की मुंगी फिरकत नाही, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. प्रत्येकीच्या ओट्यावर ती रेघ होती. पण ती ओट्यावरची हळद, ही पूजेची. दोन्ही हळदी एकच, हे त्या घडीला फक्त मुंग्यांना समजलं.

पेटी आधी गप्प झाली. मग उतू गेली.

खालून दूध, वरून हळद, आणि दोन्ही बाजूंना झेंडूचे पूल. डेपोतल्या सगळ्या गाड्या एकदम सुटाव्यात तशा मुंग्या बाहेर आल्या. बायकांनी तोवर फेर धरला होता. गाणं पहिल्याच ओळीवर होतं, पावलं ठेक्यात. पहिला डंख कुणाला झाला ते कळलं नाही, पण ठेका बदलला. दुसऱ्या फेरीला तो दुप्पट झाला. तिसऱ्या फेरीला मालतीकाकू, ज्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा कधी टाळीपलीकडे हात हलवला नव्हता, एका पायावर गिरकी घेत दारापर्यंत गेल्या आणि दुसऱ्या पायावर परत आल्या. कुणी कोचावर चढलं. कुणी परकर झटकत फुगडीसारखं फिरू लागलं, आणि समोरचीला वाटलं फुगडीच आहे, तिनं हात धरले. लाह्या उडाल्या. घंटी कुणाच्या तरी पायाखाली वाजत राहिली.

"थांबू नका," सरुबाई गाण्याच्या चालीतच ओरडत होत्या, "फेर मोडायचा नसतो."

द्वारकाबाईंनी श्वास घेतला आणि बऱ्याच दिवसांनी तो घसा लावला.

"सगळ्यांनी बाहेर. येकेक करून. कोचावरच्या आधी. मालतीकाकू, मागं बघू नका, पुढं सरका."

आणि गंमत अशी की सगळ्या सरकल्या. रांगेत. पायरीवर कुणी कुणाला ढकललं नाही. अनिता शेवटी बाहेर पडली. भिंतीला टेकून ती खाली बसली, तोंड दोन्ही हातांत घेऊन, खांदे हलतायत. द्वारकाबाई घाबरल्या. लई चावल्या काय पोरीला? हात बाजूला केले तर ती हसत होती. आवाज फुटत नव्हता इतकी.

"आई... आई मुंगी झटकून पाया पडली तिच्या."

मग औषधपाणी. डंखावर कांदा चोळायचा म्हणून कांदे काढले आणि मोनानं, समोरच्या फ्लॅटमधल्या नव्या नवरीनं, विळी घेतली.

"चिरू नगं," सरुबाईंनी तिला अडवलं. त्यांचा अंगठा टमाट्यासारखा झाला होता. "आज चिरत न्हाईत."

त्यामुळं कांदे बुक्कीनं फोडण्यात आले. एकेक बाई पायरीवर कांदा ठेवायची, डोळे मिटायची आणि बुक्की मारायची. मालतीकाकूंचा कांदा घरंगळत दोन मजले खाली गेला.

*

मुंग्या गुळाच्या ढेपेवर परत गोळा झाल्या. पेटी फरशीवर उतरवून, आत ढेप ठेवून द्वारकाबाई पालथ्या पडल्या आणि काचेला नाक लावलं. हळद चमच्यानं काढली. दूध कापसानं टिपलं. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये मॅनेजर जागेवर होती. पोट हलत होतं.

हॉलमध्ये बायका दिंडं खात बसल्या होत्या, तूप घालून, पाय वर घेऊन. एकीचंही तोंड वाईट नव्हतं.

"जागृत हाय," सरुबाई म्हणाल्या. "मी सांगते तुमाला. नुसत्या मातीला फुलं वाहून घरी जायचं, ती काय पंचमी? आज त्यानं घेतलं आपल्याला अंगावर."

"मला तर गुडघ्याला चावल्या," मालतीकाकू म्हणाल्या. "आणि खरं सांगते, हा गुडघा दोन वर्षांत असा हलला नव्हता."

"बघा."

"मी उद्या नणंदेला आणते," मोना म्हणाली. "तिचं जमत नाहीये."

"आना. सगळ्यांनी या. दूध आना, हळद आना. श्रावनभर सेवा झाली पायजे." सरुबाईंनी अंगठ्यावरचा कांदा बदलला. "आन अने, तू काय आता कोऱ्हाळ्याला येऊ नगं. देव घरात असताना लेकीनं घर सोडत न्हाईत. मीच ऱ्हाते हितं. श्रावन सरंपत्तूर. हितंच, ह्या कोचावर झोपंन, देवासमूर. भावाला सांग, माजी लुगडी घिऊन ये."

अनिताचं हसू जागच्या जागी थांबलं. ती उठली आणि सासूच्या शेजारी, फरशीवर, पालथी पडली. दोघींची नाकं काचेला.

"आत्या," ती पुटपुटली.

"बोल."

"रोज हळद पडली तर किती टिकतील ह्या?"

"आठवडा. लई झालं."

"आणि आई?"

"ती टिकंल."

अनितानं डोळे मिटले. तिच्या आईला पहाटे उठून भजन म्हणायची सवय होती, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या क्रमानं लावायची. "मी तिच्याकडं जाणार होते," ती म्हणाली. "आता तीच माझ्याकडं. मग मी रुसून जायचं कुठं?"

"मग सांग की तिला. मुंग्या हायत, देव न्हाय म्हनून. तूच म्हनाली देवाचं."

"तिचा अंगठा बघितलात? ह्या अंगठ्यानंतर ती ऐकेल?"

"न्हाय."

"तुम्ही सांगाल?"

द्वारकाबाईंनी हॉलकडं पाहिलं. सगळ्या बायका एकमेकींचे फोड दाखवत होत्या, जशा मुली मेंदी दाखवतात. त्यांना कोण सांगणार की त्यांना चावलं ते इंदापूर स्टँडवरचं पार्सल होतं.

"माज्यानं न्हाय व्हायचं."

"मग ऐका." अनितानं काचेवरची एक चुकार मुंगी बोटाच्या नखावर घेतली आणि आत सोडली, सराईतपणे, न चावून घेता. द्वारकाबाईंनी ते पाहिलं. "लिफ्टच्या वर खोली आहे. मशीनची. कमिटीनं किल्ली माझ्याकडं दिलीय, कुणी फिरकत नाही. सावली आहे, खिडकी आहे. मी पुढं जाऊन कुलूप काढते. आईला सांगू, देव आला होता, गेला. देव जातो, नाही का? वारूळ सोडून नाग जातात म्हणे."

"आन साखरपानी?"

"सकाळी तुम्ही. संध्याकाळी मी."

"अंडं?"

"आत्या, श्रावण आहे."

"बरं, झुरळ."

"झुरळ चालेल," अनिता म्हणाली, उठली, आणि कुणाला काही न बोलता किल्ली घेऊन बाहेर पडली.

द्वारकाबाईंनी जाळी बसवली, माळ सोडवून बाजूला ठेवली, हिरवा खण पुन्हा अंगभर पांघरला. मग गुडघ्यावर एक हात देऊन उठल्या आणि पेटी छातीशी धरली. आत, हाताला जाणवेल इतकं जवळ, हजारो पाय चालत होते. मालतीकाकू पाय खाली घेऊन उभ्या राहिल्या, मोनानं डोक्यावर पदर घेतला, आणि आपोआप दारापर्यंत वाट झाली.

"इहीनबाई," सरुबाईंनी कांदा लावलेला अंगठा वर धरून विचारलं, "देव कुठं निगाला?"

द्वारकाबाई उंबरा ओलांडून जिना चढू लागल्या.